पडद्यावरचें कलम

आरसा हा मोठा भिडस्त मित्र आहे. आपण ज्या आविर्भावानें त्याच्यापुढें उभे राहतों तोच तो आपल्याला परत देतो. आपण पाठ फिरविल्यावर कसे दिसतों याची तो कधीं वाच्यता करीत नाहीं. चित्रफितीच्या अंगीं ही सभ्यता नाहीं. तीस वर्षें शिकविण्याचा धंदा केल्यानंतर, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं, मीं स्वतःला प्रथमच शिकवितांना पाहिलें. आणि खरें सांगावयाचें तर पडद्यावरचा तो गृहस्थ मला फारसा आवडला नाहीं. तो भरभर बोलत होता. स्वतःच्याच विनोदाला तो सर्वांच्या आधीं हंसत होता. दर तिसऱ्या वाक्याच्या शेवटीं "लक्षांत आलें ना?" असें तो विचारी, आणि उत्तराची वाट न पाहतां पुढें जाई. "असंच शिकवीत होता का हो इतकीं वर्षं?" सौभाग्यवतीनें शेजारीं बसून विचारलें. मीं मोबाइल बंद केला.

मी कोंकणांतल्या एका कृषि महाविद्यालयांत उद्यानविद्या शिकवीत असें. २०१९ सालीं निवृत्त झालों. पुढच्याच वर्षीं मार्च महिन्यांत टाळेबंदी आली, आणि इतर शाळा-महाविद्यालयांबरोबर शेतीचीं महाविद्यालयेंही बंद झालीं. साहित्याचा किंवा इतिहासाचा अध्यापक आपला विषय घेऊन मोबाइलच्या पडद्यावर गेला तर त्याचें फारसें बिघडत नाहीं; पण नांगर, कुदळ, कलमाची सुरी आणि शेणखत यांचा विषय त्या वीतभर कांचेंत बसवावयाचा म्हणजे मोठाच प्रसंग होता. माझे एक जुने सहकारी फळझाडांच्या छाटणीवर घरच्या जेवणाच्या टेबलाशीं बसून व्याख्यान देत, आणि ऐन फांदी छाटण्याच्या वेळीं आंतून कुकरची शिटी होई. मला त्यांची गंमत वाटे. आपण वेळेवर सुटलों, असें मी मनाशीं म्हणें.

सुटलों नव्हतों. २०२२ च्या उन्हाळ्यांत दूरशिक्षण देणारी एक लहानशी खाजगी संस्था माझ्याकडे आली. तिचे विद्यार्थी म्हणजे दहावी-बारावीनंतर घरच्या शेतीला जुंपलेले तरुण, दुकान सांभाळून शिकूं पाहणारे कृषि-सेवा-केंद्रांतले नोकर, आणि मुलें शाळेंत गेल्यावर हातीं पुस्तक धरणाऱ्या गृहिणी. यांना फळझाडांच्या अभिवृद्धीचे बारा पाठ चित्रफितींवर हवे होते. कॅमेरा, माणसें, सर्व त्यांचें. माझे फक्त हात आणि तोंड.

शेतीचें शिक्षण चित्राच्या वाटेनें दूरवर धाडण्याची कल्पना आपल्याकडे कांहीं नवी नाहीं. दिल्लीच्या दूरदर्शनवर 'कृषिदर्शन' हा कार्यक्रम २६ जानेवारी १९६७ रोजीं सुरू झाला. १९७५ च्या १ ऑगस्टपासून एक वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहामार्फत सहा राज्यांतल्या सुमारें २४०० खेड्यांत सार्वजनिक संचांवर शेतीचे, आरोग्याचे व मुलांचे कार्यक्रम दाखविण्यांत आले. आपलें राज्य त्या सहांत नव्हतें. परंतु मुंबई दूरदर्शनवरचा 'आमची माती, आमची माणसं' हा कार्यक्रम ज्यांनीं लहानपणीं घरांतल्या वडील माणसांच्या मांडीला मांडी लावून पाहिला असेल, त्यांना निराळें कांहीं सांगावयास नको. १९८९ सालीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालें, त्यानेंही शेतीचे अभ्यासक्रम घरबसल्या विद्यार्थ्यांकडे नेले. तेव्हां मी कांहीं फार धाडसाचें काम पत्करीत होतों असें नव्हे. पाऊलवाट मळलेली होती.

मुद्रणाचा दिवस जुलै महिन्यांतला ठरला. कारण पहिला पाठ आंब्याच्या कोय कलमाचा होता, आणि कोय कलम हें पावसाळ्याचें काम आहे. ज्यांचा या विद्येशीं संबंध आलेला नाहीं अशा वाचकांसाठीं थोडक्यांत सांगतों. आंब्याची कोय पेरली म्हणजे कांहीं दिवसांनीं तिच्यांतून कोंवळें रोप वर येतें. तें दहा-पंधरा दिवसांचें झालें, त्याचीं पानें अजून तांबूसच आहेत, अशा वेळीं त्याचा शेंडा चार बोटें दांडा ठेवून कापावयाचा, आणि दांड्याच्या मधोमध उभा काप घ्यावयाचा. हा झाला खुंट. ज्या जातीचें झाड हवें तिच्या तीन-चार महिन्यांच्या निबर फांदीचा, पेन्सिलीएवढ्या जाडीचा, वीतभराहून थोडा आंखूड तुकडा घ्यावयाचा. त्याचीं पानें आठ-दहा दिवस आधींच देंठ राखून कापून ठेवलेलीं असतात, म्हणजे डोळे फुगून येतात. ही कलमकाडी. तिचें खालचें टोक दोन्ही बाजूंनीं तासून पाचरीसारखें करावयाचें, तें खुंटाच्या कापांत बसवावयाचें, आणि प्लास्टिकच्या पट्टीनें आवळून बांधावयाचें. पंधरा-वीस दिवसांनीं काडीवरचे डोळे फुटतात. सगळी करामत त्या पाचरीच्या दोन कापांत आहे. काप एका ओढीनें झाला पाहिजे. सुरी दुसऱ्यांदा फिरली कीं पृष्ठभाग खडबडीत होतो, मध्यें हवा राहते, आणि दोन जिवांचा सांधा जुळत नाहीं.

रोपवाटिकेंतल्या पत्र्याच्या पडवींत आम्ही बसलों. बाहेर कोंकणांतला जुलै महिना आपल्या नित्याच्या वैभवानें कोसळत होता. कॅमेरा घेऊन आलेला तरुण पुण्याचा होता. मोठा मनमिळाऊ आणि कामाला चोख. पण पत्र्यावरच्या त्या ताशानें तो हैराण झाला. "सर, आवाज खराब होतोय. पाऊस थांबेपर्यंत थांबूंया का?" मीं त्याला म्हटलें, "मग दिवाळीला या." तो हंसला, आणि म्हणाला कीं हरकत नाहीं, मागाहून यंत्रानें पाऊस काढून टाकतां येतो. आणि खरोखरच त्यानें तो काढून टाकला. महिन्याभरानें पाठ तयार होऊन आला तेव्हां माझा आवाज असा स्वच्छ व कोरडा होता, कीं जणूं मी एखाद्या पेटींत बसून बोलत होतों. त्या विद्येचें मला फार कौतुक वाटलें. बांधलेलें कलम आणि पालवी फुटलेलें कलम यांच्यामधले अठरा दिवस त्यानें एका पापणीच्या लवण्यांत बसविले होते. खालीं एक ओळ येई आणि जाई : 'पंधरा ते वीस दिवसांनंतर.'

स्वतःविषयींची माझी नाराजी आठवडाभरांत ओसरली, आणि पाठ मात्र मला आवडूं लागला. त्याला कारण माझा आंगठा. वर्गांत मी कलम करून दाखवीत असें तेव्हां चाळीस मुलें भोंवतीं कोंडाळें करीत. पुढच्या पांच-सातांना माझा हात दिसे. त्यांच्या मागच्यांना पुढच्यांच्या माना दिसत. आणि त्यांच्याही मागच्यांना कांहींच दिसत नसल्यामुळें तीं मुलें आपापसांत क्रिकेटविषयीं बोलत. चित्रांत मात्र माझ्या आंगठ्यावरची सुरकुतीसुद्धां दिसत होती. सुरी ओढतांना आंगठा काडीखालून किती सरकतो, कोठें दाब येतो, कोठें सुटतो, हें मलाच त्यापूर्वीं ठाऊक नव्हतें. शिवाय वर्गांतला लाजाळू मुलगा "सर, पुन्हां एकदां" असें फार तर एकवार म्हणतो. चित्रफितीला तो शंभर वेळां म्हणूं शकतो, आणि ती एकदांही कपाळाला आठी घालीत नाहीं. हा गुण मला तीस वर्षांत साधला नाहीं.

या वाटेला मर्यादा आहेत, हें मी जाणून होतों. निदान तसें मला वाटत होतें. स्पर्श पडद्यांतून जात नाहीं. 'वाफसा' हा आपला शब्द घ्या. पाऊस पडून गेल्यावर जमिनींतलें जास्त पाणी निचरून जातें, मातींत ओल राहते पण चिखल राहत नाहीं, आणि ती पेरणीला, कुळवणीला राजी होते. त्या स्थितीला शेतकरी वाफसा म्हणतो. मूठभर माती घेऊन दाबावी, तिचा गोळा व्हावा, आणि तो जमिनीवर टाकला असतां फुटून पसरावा, ही त्याची परीक्षा. गोळा न फुटतां थबकन पडला तर अजून थांबावें. झालाच नाहीं तर वेळ गेली. हें चित्रांत छान दिसतें. पण गोळा दाबतांना तळहाताला जें कळतें, काळ्या मातीचा तो चिकटपणा कमी होत होत एका सकाळीं एकदम सुटतो तें, कोणत्या कॅमेऱ्यानें टिपावें? म्हणून माझ्या पाठांच्या शेवटीं मीं प्रत्येक ठिकाणीं बजावलें होतें : 'हें स्वतःच्या हातानें करून पाहा.' एवढें म्हटलें कीं आपलें कर्तव्य संपलें, अशी माझी समजूत होती.

२०२३ च्या ऑगस्टच्या अखेरीस एका दुपारीं मला एक फोन आला. बोलणारी बाई लातूर जिल्ह्यांतल्या एका खेड्यांतली होती; वय पस्तिशीच्या आंतबाहेर असावें. ती त्या संस्थेची विद्यार्थिनी होती. अभ्यासक्रम पुरा करून लहानशी रोपवाटिका काढावी असा तिचा बेत होता. तिनें तीनशें कोय कलमें बांधलीं होतीं. पिशव्या, खत, प्लास्टिक, कोयी, आणि कलमकाड्यांसाठीं दुसऱ्याच्या केशर आंब्याच्या मालकाला दिलेले पैसे, असे सर्व मिळून महिला बचत गटाचे नऊ हजार रुपये त्यांत घातले होते.

"सगळं तुमच्यासारखंच केलं, सर," ती म्हणाली. "एकबी आलं नाही."

"काप दोनदां फिरला असेल," मी म्हणालों. हें मीं विचार करून म्हटलें नाहीं. विद्यार्थ्याचा हात चुकला असला पाहिजे, हें शिक्षकाला आपोआप सुचतें. घोड्याला जशी माशी आली कीं शेपूट हलवावयाची सुचते तसें.

"नाही फिरला," ती म्हणाली. तिच्या स्वरांत राग नव्हता, आर्जवही नव्हतें. हिशेबांत चूक सांपडत नसली म्हणजे माणूस जसा बोलतो तशी ती बोलत होती. "चवदा वेळा पाहिला मी तो पाठ. तुम्ही येऊन बघता का?"

सोलापुरास भाच्याकडे जावयाचें तसें बरेच दिवसांपासून चाललें होतें. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यांत मी गेलों, आणि तेथून एसटीनें लातूरकडे वळलों. त्या वर्षींचा ऑगस्ट महिना देशभर १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, हें मागाहून वर्तमानपत्रांत वाचलें. परंतु एसटीच्या खिडकींतून तें वाचावयास वर्तमानपत्राची जरूर नव्हती. सोयाबीनचीं पानें दुपारच्या वेळीं उलटून पांढुरकीं दिसत होतीं. काळ्या जमिनीला बोट जाईल अशा भेगा पडूं लागल्या होत्या. कोंकणांत तीस वर्षें काढलेल्या माणसाला भाद्रपदाच्या तोंडावर अशी जमीन पाहिली कीं घशाला कोरड पडते.

अंगणांत तिच्या सासऱ्यांनीं खाट टाकली, सासूबाईंनीं चहा आणला. कडुनिंबाखालीं काळ्या पिशव्यांच्या रांगा लागल्या होत्या. दोऱ्या लावून आंखल्याप्रमाणें सरळ. प्रत्येक पिशवींतून एक काळी पडलेली काडी वर आली होती. विझलेल्या उदबत्त्यांचीं तीनशें घरें एकाखालीं एक मांडावीं तसें तें दृश्य होतें. मी एक काडी उपटली, पट्टी सोडली आणि सांधा पाहिला. दोन्ही काप कांचेसारखे गुळगुळीत होते. दुसरी सोडली; तीही तशीच. पांच-सहा पाहिल्यावर मी तिला म्हटलें, "ताई, माझ्यासमोर एक बांधून दाखवा."

तिनें एक कोंवळी फांदी आणली, खालीं बसली, सुरी उघडली. आणि काप घेण्यापूर्वीं तिनें सुरीचें पातें डाव्या हाताच्या मनगटाशीं लुगड्याच्या पदरावर एकदां पुढें, एकदां मागें असें पुसलें. मग काप घेतला. सुंदर काप, माझ्या पदवीच्या वर्गांतल्या मुलांपैकीं दोघांचौघांना साधेल असा. दुसऱ्या कापाच्या आधीं पुन्हां तेंच, एकदां पुढें, एकदां मागें.

"तें पुसतां कशाला?" मीं विचारलें.

ती माझ्याकडे पाहूं लागली. "तुम्हीच पुसता की, सर. दर टायमाला. डाव्या बाहीला. एकदा पण चुकला नाही तुम्ही."

माझा डावा हात त्या वेळीं चहाच्या कपावर होता. तो मीं खालीं घेतला. सदऱ्याच्या बाहीला सुरी पुसण्याची मला खोड आहे हें मला कोणीं कधीं सांगितलें नव्हतें. शास्त्राप्रमाणें तें वाईटच. सुरी औषधांत किंवा स्पिरिटांत बुडवावी, कपड्याला पुसूं नये. या बाईनें माझी विद्या घेतली होती, आणि विद्येबरोबर माझी खोडही विधि समजून श्रद्धेनें घेतली होती. इतक्या लक्षपूर्वक मला कोणीं पाहिलें नव्हतें. आणि तरी तिच्या अंगणांत तीनशें काड्या मेल्या होत्या.

"कलमें बांधून झाल्यावर कोठें ठेवलींत?"

"सावलीत. तुम्ही म्हणाला तसं." तिनें कडुनिंबाकडे बोट केलें.

सावली! मीं पाठांत 'नंतर सावलींत ठेवावें' असें एक वाक्य म्हटलें होतें खरें. पण कोंकणांतली जुलैमधली सावली म्हणजे केवळ उन्हाचा अभाव नव्हे. ती भिजलेली असते. तिच्यांत ठेवलेलें लांकूड कुजतें, चामड्याच्या चपलेवर बुरशी चढते. कलमकाडीला मुळें नसतात, सांधा जुळेपर्यंत खुंटाचें पाणी तिला पोंचत नाहीं. तेवढे दिवस ती स्वतःजवळच्या ओलीवर जगते, आणि भोंवतालची हवा दमट असेल तरच ती ओल टिकते. येथल्या कडुनिंबाच्या सावलींतून मात्र दिवसभर गरम वारा वाहत होता. शब्द एकच, वस्तु दोन. कोरड्या मुलखांत काडीवर प्लास्टिकची टोपी चढवावी, भोंवतीं शेडनेट बांधावें, सकाळ-संध्याकाळ झारीनें जमीन ओली ठेवावी, किंबहुना तेथें पिशवींतल्या कोय कलमाचा नाद सोडून खुंट शेतांतच वाढवावा आणि तो वर्षाचा झाल्यावर जागेवरच मृदुकाष्ठ कलम करावें, हें मला माहीत नव्हतें काय? माहीत होतें. परीक्षेंत मीं त्यावर प्रश्न घातलेले होते, आणि अर्धवट उत्तरांचे गुण कापलेले होते.

"पाऊस केव्हां झाला होता?" मीं विचारलें.

"तीन हप्ते झाले."

"आमच्याकडे कलमांच्या दिवसांत पाऊस थांबतच नाहीं," मी म्हणालों. माझ्या बोलण्यांत कांहीं तरी समर्थनाचा सूर असावा.

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "पाठात पाऊस कुठं होता, सर? मला तर काहीच ऐकू आलं नाही."

पुण्याच्या त्या तरुणाचा यांत दोष नाहीं. त्याला जें खराब वाटलें तें त्यानें पुसलें, आणि मीं त्याची पाठ थोपटली. पत्र्यावरचा तो ताशा राहिला असता तर चवदा वेळां पाठ पाहणाऱ्या त्या बाईनें पहिल्याच खेपेला विचारलें असतें, कीं एवढा पाऊस माझ्याकडे कोठून आणूं? तीस वर्षें मी कलमें करीत होतों आणि तीं जगत होतीं. त्यांतलें अर्धें काम आभाळ करीत होतें, आणि पगार मी घेत होतों. वर्गांतल्या मुलांना हें सांगावें लागत नव्हतें, कारण तीं त्याच पावसांत भिजत वर्गांत येत.

परतीच्या प्रवासांत मला वडिलांची आठवण झाली. ते सातारा जिल्ह्यांत प्राथमिक शिक्षक होते. १९५६ सालीं पुणें आकाशवाणीनें युनेस्कोच्या साहाय्यानें खेड्यांसाठीं रेडिओ-मंडळांचा एक प्रयोग केला. पांच जिल्ह्यांतल्या सुमारें १५० गांवांत तो झाला. आठवड्यांतून दोन वेळां, दहा आठवडे, गांवकऱ्यांनीं एकत्र बसून अर्धा तास कार्यक्रम ऐकावयाचा, मग त्यावर चर्चा करावयाची, आणि झालेली चर्चा व निघालेल्या शंका लिहून पुण्यास पाठवावयाच्या. पुढच्या कार्यक्रमांतून त्यांचीं उत्तरें येत. आमच्या गांवच्या मंडळाचें हें लिहिण्याचें काम वडिलांकडे होतें. माझा जन्म त्यानंतरचा. पण आपल्या गांवाच्या नांवानें पुण्याहून उत्तर आलें त्या रात्रीची हकीगत मीं त्यांच्या तोंडून किती वेळां ऐकली असेल याची गणती नाहीं. कोणा एका म्हाताऱ्यानें म्हणे रेडिओच्या पेटीलाच हात जोडले होते. त्या पेटींत चित्र नव्हतें, आंगठा दिसत नव्हता, आवाजाची खरखर होती. परंतु 'लक्षांत आलें ना?' असें विचारून ती थांबत होती. माझ्या पाठांना, त्यांत आंगठ्यावरची सुरकुती दिसत असूनही, कान ठेवावयाचें कोणाच्याच ध्यानांत आलें नाहीं. संस्थेच्या पानावर शंका विचारण्यासाठीं एक चौकट होती, हें मला मागाहून कळलें. तींत आलेल्या शंका कोणाकडे जात हें मात्र अजूनपर्यंत कळलेलें नाहीं.

पैशांचें सांगावयाचें राहिलें. निघण्यापूर्वीं मीं तिला नऊ हजार रुपये देऊं केले. तिनें ते बाणेदारपणें नाकारले, असें येथें लिहितां आलें असतें तर या लेखाला अधिक शोभा आली असती. पण तिनें ते घेतले, दोनदां मोजून घेतले, आणि वहीचें पान फाडून पावती लिहून दिली. "गटाचा हिशेब असतो, सर," ती म्हणाली. सासरे मात्र जरा संकोचले. नंतर ती म्हणाली, "आणि पुढच्या साली इथं येऊन शिकवा." हें तिनें पावती देतांना ज्या स्वरांत म्हटलें, त्यावरून तेंही हिशेबांतच धरलें असावें.

त्या हिंवाळ्यांत मीं या विषयावर थोडें वाचलें. बंगळूरच्या बाजूला २००६ च्या सुमारास सुरू झालेला 'डिजिटल ग्रीन' हा उपक्रम त्या वाचनांत भेटला. त्यांनीं तज्ज्ञांना पडद्यावर न आणतां आसपासच्याच गांवांतल्या शेतकऱ्यांना काम करतांना टिपलें; आणि तें दाखवितांना गांवांतलाच एक माणूस मधून मधून चित्र थांबवून बसलेल्यांना प्रश्न विचारी. पाहणाऱ्यांची पहिली पृच्छा बहुधा अशी असे, कीं पडद्यावरचा हा माणूस कोण, आणि कोणत्या गांवचा? मला ही पृच्छा पूर्वीं अडाणी वाटली असती.

२०२४ च्या जुलैमध्यें मी पुन्हां लातूरकडे गेलों. संस्थेजवळ नव्या मुद्रणासाठीं तरतूद नव्हती. पुण्याचा तो तरुण मात्र स्वतःच्या खर्चानें आला, आणि त्यानें माझ्याकडून फक्त येण्याजाण्याचे पैसे घेतले. या वेळीं हात तिचे होते. तोंड दाखवावयाचें नाहीं, अशी तिची अट होती. ती आम्हीं पाळली. मी बाजूला बसून मधून मधून बोललों, आणि बोललों त्यांतलें पुष्कळसें त्या तरुणानें काढून टाकलें, तें योग्यच झालें. कलमें बांधून झाल्यावर कॅमेरा पुण्यास गेला, पण तिच्या थोरल्या मुलानें वेळोवेळीं मोबाइलवर त्याच दहा कलमांचें चित्र घेतलें. प्लास्टिकच्या टोपीच्या आंतल्या बाजूला जमलेले पाण्याचे थेंब, एका काडीवर चढलेली बुरशी, सातव्या दिवशीं काळी पडलेली एक, अकराव्या दिवशीं दुसरी. सतराव्या दिवशीं एका डोळ्याला फुटलेलें हिरवें टोंक. हें सर्व पाठांत आहे. पाठ त्यामुळें लांबला, आणि कांहीं ठिकाणीं कंटाळवाणा झाला आहे, हें मी कबूल करतों. मागें कोंबड्या ओरडतात. सासूबाई एकदां कॅमेऱ्यासमोरून पाण्याची घागर घेऊन जातात आणि मग पदर सांवरून पुन्हां परत येतात. शंभरांपैकीं चौसष्ट कलमें जगलीं. कोंकणांत आम्ही यापेक्षां अधिक जगवितों, असें मीं सहज म्हटलें, तेव्हां ती म्हणाली, "तुमच्याकडं पाऊस ऐकू येतो, सर."

हा पाठ ती आणि मी मिळून आतां ज्याला हवा त्याला पाठवितों, आणि खालीं माझा नंबर दिलेला आहे. शंका येतात. पुष्कळ शंकांचीं उत्तरें मला येत नाहींत. मग मी तिला विचारतों, किंवा विचारणाऱ्यालाच त्याच्याकडे वारा कोणत्या दिशेनें असतो, माती कोणती आहे, पाणी किती दिवसांआड मिळतें, असे उलट प्रश्न करतों. गेल्या महिन्यांत बुलढाण्याकडच्या एका मुलाचा निरोप आला. पाठ फार आवडला म्हणून त्यानें लिहिलें होतें, आणि पुढें विचारलें होतें : 'काप घेण्यापूर्वीं मॅडम सुरी पदराला एकदां पुढें व एकदां मागें पुसतात, तें कापड सुती असावें लागतें कीं कोणतेंही चालतें?'

त्याला लगेच उत्तर लिहिलें, कीं सुरी कपड्याला मुळींच पुसूं नये, स्पिरिटांत बुडवावी. ती माझी चूक आहे, बाईंची नव्हे. आणि मग बागेंत जाऊन एक कलम बांधावयास बसलों, तों डावा हात बाहीसकट पुढें झालेलाच होता.